उजवीकडची गाडी

यानिकचा उजवा पाय सकाळपासून ब्रेक मारत होता. आपल्या बाजूला ब्रेक नाही हे यानिकला पटलं होतं, पायाला पटलं नव्हतं. वळण आलं की पाय पुढे जाई, समोरून ट्रक आला की पुढे जाई, आणि एकदा तर कुंपणापलीकडे निवांत रवंथ करणाऱ्या तांबड्या गाईला बघूनही गेला.

“आई, बाबांनी परत ब्रेक मारला,” मागून अनूक म्हणाली. ती सहा वर्षांची होती. तिच्या सीटवरून पाहिलं की पुढच्या दोन सीटांमधल्या फटीतून बाबांचा बूट नेमका दिसायचा.

“लागला का?” सेवरीनने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“नाही. गाडी चालूच आहे.”

“पाय अवघडलाय माझा,” यानिक म्हणाला. “माणसाने पाय हलवायचाही नाही का?”

“हलव ना. फक्त वळणावरच का हलतो, एवढं सांग.”

 यानिकने मांडीवरचा नकाशा उलटा करून पुन्हा सुलटा केला. मागे चार वर्षांचा तितुआन आपल्या सीटमध्ये झोपला होता आणि त्याच्या हनुवटीवर सकाळच्या जर्दाळूचा रस वाळला होता.

जुलै संपत आला होता. अर्धा देश सुट्टीवरून परतत होता, अर्धा निघाला होता, आणि दोघेही मोठ्या महामार्गावर एकमेकांसमोर उभे राहून घाम पुसत होते. सेवरीनने म्हणूनच लहान रस्ते निवडले होते, असं ती सगळ्यांना सांगत होती. खरं कारण निराळं होतं. तिला वाहन परवाना मिळाला तो याच वसंतात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आणि गाडीच्या पाठीवर नवशिक्यांचं लाल ‘ए’ अजून कोरं चकचकीत होतं. महामार्गावर डावीउजवीकडून ट्रक सुसाट जायला लागले की तिची बोटं स्टिअरिंगला चिकटून पांढरी पडत. लहान रस्त्यांवर तसं नव्हतं. तिथे थांबता यायचं. पोरांना कालव्यात पाय बुडवू देता यायचे, झाडाखाली चादर अंथरून पाव, लोणी आणि लाल मुळे खाता यायचे, रात्री नदीकाठच्या तळावर तंबू ठोकता यायचा. ऑर्लेआंहून निघून हा त्यांचा तिसरा दिवस होता. अजून कुठे ओरखडा नव्हता.

निघतानाच यानिकने अट घातली होती. “मोंतारेलपर्यंत तू चालव. माझी ना नाही. पण कुठे अडकलीस, पुढे जाता येईना आणि मागे जाता येईना असं झालं, की मी घेणार. सासरेबुवांच्या दारात तमाशा नको. तुझ्यासाठीच सांगतोय.”

तो तिच्यासाठीच सांगत होता, हे तिलाही माहीत होतं. म्हणून तर तिने होकार दिला. अडकायचं कशाला, असं तेव्हा वाटलं होतं.

मोंतारेलला तिचे वडील होते. गिल्बेर विदालें. कांतालच्या डोंगरातल्या त्या टापूत चाळिशीच्या वरच्या ज्याला म्हणून गाडी येत होती, त्याला ती गिल्बेर विदालेंनी शिकवली होती. त्यांच्या शिकवणीच्या गाडीला शिकणाऱ्याच्या बाजूला ब्रेक होता तसा त्यांच्याही बाजूला होता. गावातला डॉक्टर त्यांच्याकडे शिकला, पाद्री शिकला, एक बहिरा सुतार शिकला. शिकली नाही ती त्यांची एकुलती एक मुलगी.

एकोणीस वर्षांची असताना तिने दोनदा परीक्षा दिली. पहिल्या वेळी मागे घेताना गाडी फुटपाथवर चढवली. दुसऱ्या वेळी सगळं सुरळीत चाललं होतं. एका चौकात उजवीकडून ट्रक आला. हक्क ट्रकचा होता, ती थांबली. पण ट्रकवाल्याने हसून हात केला, जा पोरी. ती गेली. परीक्षकाने तिथेच गाडी बाजूला घ्यायला लावली.

“हात बघून गाडी चालवायची नसते,” पपा त्या दिवशी म्हणाले होते. “रस्ता बघून चालवायची असते. हात काय, माशी हाकलायलाही हलतो.”

तिने नाद सोडला. परीक्षेत नापास झाल्याचं तिला इतकं काही वाटलं नव्हतं. वाटलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ते तिने कोणाला सांगितलं नाही. पपांच्या शेजारी बसून गाडी शिकताना चौक आला की ती ब्रेक दाबायची, आणि त्याच क्षणी, किंवा त्याच्या जरासं आधी, पपांचाही पाय दबलेला असायचा. गाडी थांबायची. पण ती आपण थांबवली की पपांनी, हे तिला एकदाही कळलं नाही.

दर उन्हाळ्यात यानिक गाडी चालवत फाटकापर्यंत यायचा. पपा फाटकात उभे असायचे, सेवरीन उतरताना तिच्यासाठी दार उघडून धरायचे आणि म्हणायचे, “या, बाईसाहेब. प्रवाशांना त्रास नाही ना झाला?” थट्टाच असायची. सतरा वर्षं तीच थट्टा.

या वर्षी ती शिकली, तेही पपांना कळू न देता. आईला मात्र ठाऊक होतं. वसंतात जुनी निळी गाडी मोडीत काढून त्यांनी ही हिरवी, वापरलेली घेतली, तेही पपांना सांगितलं नाही. सेवरीनला एकच गोष्ट हवी होती: आपण स्टिअरिंगवर बसून त्या फाटकातून आत जायचं, आणि पपांनी ते बघायचं. बाकी सुट्टीत पाऊस पडला असता तरी तिची तक्रार नव्हती.

खिंडीच्या माथ्यावर तिने गाडी बाजूला घेतली आणि मागे साचलेली रांग पुढे जाऊ दिली. पहिला तिच्याकडे रोखून बघत गेला, दुसऱ्याने हात हलवून आभार मानले, तिसरी एक आत राहता येईल अशी मोठी गाडी होती आणि तिच्या मागच्या काचेतून एक कुत्रा बघत होता. अनूकने कुत्र्याला हात केला. गाडीत चीजचा वास कोंडला होता, म्हणून यानिकने चारही काचा उघडल्या.

सेवरीनने आईला फोन लावला. “आई, अर्ध्या तासात पोचतोय. पपा कुठे आहेत?”

“फाटकात. अकरापासून मेंदी छाटतोय. आता मेंदी उरली नाही.”

“त्यांना तिथेच धरून ठेव.”

“धरून ठेव काय म्हणतेस? तुझा बाप आहे, शेळी नाही. बघते मी.”

उतार सुरू झाला. एका वळणावर तितुआनला जाग आली. आपण कुठे आहोत हे त्याने विचारलं नाही, मला भूक लागली आहे असं जाहीर केलं. मग थोडा विचार करून म्हणाला, “सू पण आली आहे.”

“आजोबांकडे पोचलोच,” सेवरीन म्हणाली. “धरवेल ना?”

“धरतो,” तितुआन म्हणाला आणि खरंच दोन्ही हातांनी धरून बसला.

मोंतारेलची पाटी गेली. चर्चचा मनोरा दिसला. यानिक सावरून बसला. “छान आणलीस,” तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. “आता चौक, डावीकडे वळलीस की घर. बारा वाजून गेलेत, रस्त्यावर कुत्रंही नसेल.”

बारा वाजून गेले होते हे खरं. पण बेकरी साडेबाराला बंद होत होती, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. ज्याच्या घरी पाव कमी पडला होता तो प्रत्येक जण त्या घटकेला रस्त्यावर होता.

सेवरीन चौकाच्या तोंडाशी आली आणि सवयीने ‘थांबा’ची पाटी शोधू लागली. पाटी नव्हती. खांब होता तिथे नव्या सिमेंटचा गोल डाग होता.

“पपांचा विजय,” ती पुटपुटली.

हिवाळाभर फोनवर पपांनी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. चौकातल्या पाट्यांमुळे लोक बिनडोक झालेत. पाटी असेल तर थांबतात, नसेल तर उधळतात. पाट्या काढा, उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला हा साधा नियम परत आणा, मग बघा सगळे कसे डोळे उघडे ठेवून येतात. त्यांनी मेयरचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी मेयरने पाट्या काढल्या.

सेवरीन नियमाप्रमाणे थांबली, कारण उजवीकडून ट्रॅक्टर आला होता. ट्रॅक्टरच्या मागे गवताच्या गोल गठ्ठ्यांची ट्रॉली होती. तिने वाट पाहिली. ट्रॅक्टर हलेना. तिने समोर पाहिलं. समोरून एक फिकट पिवळी छोटी गाडी आली होती, आणि तिच्यात मादाम ओडेट रूके होत्या, ज्यांनी सेवरीनला शाळेत भूगोल शिकवला होता. ट्रॅक्टरच्या उजवीकडे ओडेट होत्या, म्हणून ट्रॅक्टर थांबला होता. ओडेटही हलत नव्हत्या. कारण त्यांच्या उजवीकडे, म्हणजे सेवरीनच्या डावीकडे, एक पांढरी जुनी गाडी उभी होती. आणि ती गाडी हलत नव्हती, कारण तिच्या उजवीकडे सेवरीन होती.

सेवरीनने मनात एकदा पूर्ण फेरी मारली आणि ती जिथून निघाली तिथेच परत आली. चार रस्ते, चार गाड्या, प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी. प्रत्येक जण नियमाने बरोबर, आणि म्हणून कोणीच हलणार नाही.

मग तिने पांढरी गाडी नीट पाहिली. टपावर शिकवणीची पाटी बसवण्याच्या दोन खुणा अजून होत्या.

“आजोबा,” अनूक म्हणाली.

“श्श.”

“आजोबाच आहेत ते, टोपी बघ.”

“मला दिसतंय, राणी. जरा गप्प बस.”

“फाटकात होते ना?” यानिक कुजबुजला, जणू चौकापलीकडे ऐकू जाणार होतं.

“पाव संपला असेल.” सेवरीन म्हणाली. समोरच्या काचेवर ऊन होतं, पपांना आत कोण बसलंय ते दिसत नसावं. त्यांना दिसत होती ती बाहेरगावची एक हिरवी गाडी, जिचा पुढे जायचा हक्क आहे आणि तरी जी जात नाही. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शांत बसले होते. आयुष्यभर असेच बसले होते ते, दुसऱ्याला सुचायची वाट बघत.

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं आणि तो पायरीवर उभा राहिला. “गिल्बेर,” तो ओरडला, “तुझाच चौक आहे हा. काढ आता तूच तोडगा.”

पपांनी काच खाली केली. “माझ्या उजवीकडे गाडी आहे, जोएल. ती जाईपर्यंत मी हलणार नाही.”

“आणि ती माझ्यासाठी थांबलीय.”

“थांबायलाच हवं तिने. बरोबर आहे तिचं.”

“तर मग मी जाऊ?”

“तुझ्या उजवीकडे ओडेट आहे.”

“ओडेटबाई, जा हो तुम्ही,” जोएल म्हणाला.

मादाम ओडेटनी डोकं बाहेर काढलं. “मी गिल्बेरच्या आधी गेले, तर उद्या हा चर्चच्या पायऱ्यांवर गाठून मला नियम ऐकवेल. मला माझा रविवार प्यारा आहे. तुमचं काय ठरतंय ते ठरवा.” एवढं बोलून त्यांनी इंजिन बंद केलं, शेजारच्या सीटवरची पिशवी मांडीवर घेतली आणि घेवड्याच्या शेंगांची डेखं मोडायला सुरुवात केली.

“तीन महिन्यांत चार गाड्या एकदम कधी आल्या नव्हत्या इथे,” पपा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडं कौतुकच होतं.

“बेकरी बंद होईल, गिल्बेर.”

“होऊ दे.”

जोएलने पायरीवरून खाली पाहिलं. वरून त्याला हिरव्या गाडीचा टप तेवढा दिसत होता. “ओ पाहुणे, तुम्ही तरी हला. इथे हा म्हातारा नियमाखातर उपाशी मरेल.” आणि सोबत त्याने हॉर्नही वाजवला. लांबलचक.

यानिकने सीटबेल्ट सोडला. “सेवरीन, उतर. मी घेतो.”

“का?”

“अट आठवते? पुढे जाता येईना, मागे जाता येईना. याला अडकणंच म्हणतात. अजून त्यांनी ओळखलेलं नाही. पटकन जागा बदलू, मी पाच सेकंदांत काढतो.”

“कशी काढशील?”

“कशी म्हणजे? सरळ घुसवणार. असं कोणी दिवसभर थांबतं का?”

“ट्रॅक्टरच्या हक्कावर पाय देऊन? त्यांच्यासमोर?”

“मग काय करणार आहेस?”

“विचार करू दे.”

“आई,” तितुआन म्हणाला, “मी आता धरणार नाही आहे.”

सेवरीनने खिडकीतून हात बाहेर काढला आणि पपांना दाखवला: तुम्ही जा. हक्क माझा आहे, मी सोडते. एकाने सोडला की बाकीच्यांचं कोडं आपोआप सुटतं: पपा गेले की ओडेटची उजवी बाजू मोकळी, ओडेट गेल्या की ट्रॅक्टरची, ट्रॅक्टर गेला की तिची स्वतःची. ऑर्लेआंच्या शिकवणारीने हेच सांगितलं होतं.

पांढऱ्या गाडीतली टोपी सावकाश डावीउजवीकडे हलली. नाही.

“हात बघून हलणार नाहीत ते,” सेवरीन स्वतःशीच म्हणाली. सतरा वर्षांनंतरही नाहीत. हात काय, माशी हाकलायलाही हलतो.

“बघ,” यानिक म्हणाला. “आता तरी उतर.” त्याने आपल्या बाजूचं दार उघडलं.

“दार लाव.”

“अगं—”

“दार लाव, यानिक, आणि पट्टा बांध. मला मागे बघायचंय.”

पपांना हात दाखवून उपयोग नव्हता, रस्ता दाखवायला हवा होता. त्यांच्या उजवीकडे गाडी आहे तोवर ते थांबणार. मग उजवीकडे गाडीच नसली तर? सेवरीनने आरसा पाहिला, दुसरा आरसा पाहिला, मान वळवून मागची काच पाहिली. उतारावरून येणारं कोणी नव्हतं. पण मागे चढ होता, आणि चढावर मागे घेणं म्हणजे तिची जुनी दुखरी जागा. फुटपाथवर चढवली होती ती अशीच. तिने मागचा गिअर टाकला. क्लच हळूहळू सोडला, इंजिनाचा आवाज जड झाला तिथे पाय धरला, हँडब्रेक उतरवला. क्षणभर गाडी नुसतीच थरथरली. यानिकचा पाय पुढे गेला. मग गाडी मागे सरकली, एक हात, दोन हात, बेकरीकडच्या भिंतीला समांतर, सरळ. चौकाचं तोंड सोडून, मागच्या लिंडनच्या झाडाच्या सावलीत जाऊन ती थांबली.

पुन्हा हँडब्रेक. डाव्या बाजूचा इंडिकेटर चालूच होता. त्याचा टकटक आवाज तिला आता पहिल्यांदा ऐकू आला.

चौकात पपांच्या उजवीकडचा रस्ता रिकामा होता.

टोपी उजवीकडे वळली. खात्री करून घ्यायला पपांनी मान पुढे काढून पाहिलं. मग पांढरी गाडी निघाली. चौक ओलांडताना ती सेवरीनच्या समोरून गेली, तेव्हा हिरव्या गाडीच्या काचेवर ऊन नव्हतं, लिंडनची सावली होती. पपांनी शिकवल्याप्रमाणे उजवीकडे पाहिलं. पाहिलं आणि पाहतच राहिले, पण गाडी कुठेही डगमगली नाही. चौकाच्या मध्यात थांबायचं नसतं, म्हणून ते थांबले नाहीत. बेकरीच्या दिशेला निघून गेले.

“आजोबांनी तोंड असं केलं,” अनूकने तोंड करून दाखवलं. आरशात सेवरीनला दिसलं, पण त्यावरून काही कळलं नाही.

ओडेटनी शेंगांची पिशवी बाजूला ठेवली आणि निघाल्या. जाताना त्यांनी हिरव्या गाडीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाची आठी उतरली. “विदालेंची पोर,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “भूगोल आला म्हणायचा तुला.” मग जोएलने ट्रॅक्टर सुरू केला आणि घराच्याच रस्त्याला लागला. सर्वांत शेवटी सेवरीन निघाली. डावीकडे वळली, आणि गवताच्या ट्रॉलीमागे लागली.

ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालला होता. वाळक्या गवताच्या काड्या उडून काचेवर बसत होत्या.  यानिक म्हणाला, “मला हे सुचलं नसतं.”

“तुझे वडील तसे नाहीत.”

“ते आता फाटकात नसतील पण. तुला हवं होतं ना, त्यांनी बघावं.”

“हो,” ती म्हणाली.  पपांनी तिला पाहिलं खरं, पण उभ्या गाडीत, झाडाखाली, मागे सरलेली. त्यांना काय वाटलं असेल? घाबरून मागे घेतली, असंच ना?

“आई,” अनूक म्हणाली. “आजोबा मागे आहेत.”

आरशात पांढरी गाडी होती. बेकरीतून पाव घेऊन पपा परत फिरले होते, आणि ट्रॅक्टरच्या कृपेने त्यांनी तिला गाठलं होतं. त्यांच्यासमोर, हातभर उंचीवर, लाल ‘ए’ होतं. वाचायला त्यांना गावाबाहेरपर्यंतचा सगळा रस्ता मिळाला.

घराच्या फाटकाला दोन दगडी खांब होते. पपांचे कितीतरी विद्यार्थी त्या खांबांना घासून गेले होते आणि त्यांच्या गाड्यांचे रंग अजून दगडात होते. त्या अंगणात गाडी मागे मागे घेऊनच न्यायची, निघताना तोंड रस्त्याकडे हवं, हा पपांचा कायदा होता. यानिकलाही तो पाळावा लागे. ट्रॅक्टर पुढे गेला. सेवरीन फाटक ओलांडून पुढे गेली, थांबली आणि आरशात पाहिलं.

पपा खूप मागे थांबले होते, हवं होतं त्यापेक्षा कितीतरी मागे. त्यांनी गाडी रस्त्यात किंचित तिरकी लावली होती आणि चारही दिवे लुकलुकत होते. त्या बाजूने आता कोणालाही येता आलं नसतं. ते उतरले नाहीत, हात केला नाही, हॉर्न वाजवला नाही. तिला लागेल तेवढा रस्ता त्यांनी तिच्यासाठी धरून ठेवला.

पहिल्या प्रयत्नात कोन चुकला. डावा खांब आरशात फार जवळ आला. यानिकच्या घशातून आवाज आला, शब्द मात्र निघाला नाही. तिने गाडी पुन्हा पुढे घेतली, चाकं सरळ केली, आणि दुसऱ्यांदा दोन्ही आरशांत दोन्ही खांब सारख्या अंतरावरून सरकत गेले. खडीचा आवाज आला. दारात आई एप्रनला हात पुसत उभी होती. गाडी थांबली.

तितुआन सीटमधून सुटला तो थेट नसलेल्या मेंदीकडे पळाला.

पपा आत आले, त्यांनी गाडी लावली, चार लांब पाव काखेत मारले आणि हिरव्या गाडीभोवती एक फेरी घातली. एक खांब बघितला. दुसरा बघितला. त्यांच्यावर हिरवा रंग नव्हता.

“मी धरलं होतं त्याला,” आई सेवरीनला म्हणाली. “पण आज पाव कमी आहे हे त्याला मेंदी संपल्यावर सुचलं.”

“परवाना कधी मिळाला?” पपांनी विचारलं.

“एप्रिलमध्ये.”

“कितव्यांदा?”

“तिसऱ्यांदा. तुमच्याकडच्या पहिल्या दोन धरल्या तर पाचव्यांदा.”

“माझ्या धर. माझ्या का सोडायच्या?” त्यांनी पाव एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतले. “चौकात मागे का घेतलीस?”

“हात दाखवला होता. तुम्ही हलला नाहीत.”

“हात बघून—”

“माहीत आहे मला, पपा. म्हणून रस्ता मोकळा करून दिला.”

 पावाचं एक टोक मोडून पपांनी अनूकला दिलं, दुसरं मोडून स्वतः खाल्लं. मग म्हणाले, “चढावर होतीस. आधी हँडब्रेक सोडलास की क्लच धरलास?”

“क्लच.”

“हं.” ते दाराकडे वळले. “चला, सूप निवतंय.”

उन्हाळ्यात सूप कोणी करत नाही, आणि आईनेही केलं नव्हतं.

जेवण चांगलं लांबलं. जोएलने येऊन एक ग्लास घेतला आणि चौकाची गोष्ट सगळ्यांना पुन्हा सांगितली. तिच्यात तोच सर्वांत समजूतदार होता. पाट्या परत लावा असं मेयरला सांगणार आहे, असंही तो म्हणाला. “लावू देत,” पपा म्हणाले, “चौक त्यांचा आहे.” आईने त्यांच्याकडे आश्चर्याने पाहिलं.

चीज आणि जर्दाळूही संपल्यावर पोरांनी तळ्यावर जायचा लकडा लावला. पपा उठले, टोपी घातली आणि अंगणात गेले. यानिक हिरव्या गाडीच्या उजव्या दाराशी पोचला होता, त्याचा हात दाराच्या मुठीवर होता.

“जावईबापू,” पपा म्हणाले, “तुम्ही तरुण आहात. मागे बसा.”

यानिक मागे बसला, दोन मुलांच्या सीटांमध्ये, गुडघे हनुवटीला लावून. पपा पुढे बसले. त्यांनी पट्टा बांधला, सीट एक खाच मागे घेतली आणि टोपी मांडीवर ठेवली. सेवरीनने किल्ली फिरवली. इतकी वर्षं गेली, तरी डाव्या बाजूला आपण आणि उजव्या बाजूला हा माणूस असं बसल्याबरोबर तिच्या मानेचे स्नायू ताठ झाले.

खांब मागे पडले. रस्ता चौकाकडे उतरत गेला. ती वेग कमी करत आली. उजवीकडून मादाम ओडेटची पिवळी गाडी येत होती. सेवरीनने ब्रेक दाबला. गाडी सावकाश थांबली, धक्का न देता. ओडेट हात हलवत निघून गेल्या.

मागच्या सीटवरून अनूक पुढे वाकली होती. सीटांमधल्या फटीतून तिने नीट, वेळ घेऊन पाहिलं.

“आई,” ती म्हणाली, “आजोबांनी ब्रेक नाही मारला.”

“मग थांबवली कोणी?” तितुआनने विचारलं.

“आईने,” अनूक म्हणाली.

पपा आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांचे दोन्ही बूट एकमेकांना लावून, दाराच्या अगदी कडेला ठेवलेले होते. “उजवीकडे आता कोणी नाही,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “पण तू बघ.”

सेवरीनने पाहिलं, आणि गाडी काढली.